रस्ता राखायचा कोणी?

मुंबई महापालिकेचे मालमत्ता कराचे देयक शेवटपर्यंत वाचणारे थोडे. सर्वसाधारण कर, जल कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर अशा रांगेत त्यात ‘पथ कर’ही असतो. पण शहराच्या रस्त्यांचा भार या रकान्याने कधीच पेलला नाही. तो पेलला जकातीने. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात नाकी बंद झाली आणि रोजची रोकड थांबली. तिच्या जागी राज्य सरकारची मासिक भरपाई आली. पहिला हप्ता सुमारे ६४७ कोटींचा होता आणि दरवर्षी त्यात ८ टक्के वाढ ठरली. गाडी झिजवते पालिकेचा रस्ता, पण वाहन कर जातो राज्याच्या तिजोरीत. त्यात जानेवारी २०२२पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता करही माफ झाला.

तरीही पैसा नाही ही सबब मुंबईला सांगता येणार नाही. २०२५-२६चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता आणि त्यातला निम्म्याहून अधिक भांडवली कामांसाठी होता. माझी तक्रार नेमकी इथेच आहे. नवा रस्ता बांधणे हे भांडवली काम. त्याची मोठी निविदा निघते, भूमिपूजन होते. रस्ता राखणे हा महसुली खर्च, म्हणजे पगार, डांबर, रोलर, मुकादम. त्याला ना कोनशिला, ना फीत. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाकडे गेले. जानेवारी २०२३मध्ये सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाची पहिल्या टप्प्यातली सहा हजार कोटींची कामे पाच कंत्राटदारांना मिळाली, ती याच काळात. एवढा खर्च ठरताना प्रश्न विचारणारा एकही निवडून आलेला माणूस त्या इमारतीत नव्हता, याची मला आजही चीड आहे.

पालिकेकडे सुमारे २,०५० किलोमीटर रस्ते आहेत. नोव्हेंबर २०२२मध्ये पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गही मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून (एमएमआरडीए) तिच्याकडे आले. मोठे रस्ते मध्यवर्ती रस्ते खाते पाहते. साधारण ९ मीटरपेक्षा अरुंद रस्ते विभाग कार्यालयांच्या परिरक्षण खात्याकडे. खड्डा पडला की रस्ता हमी कालावधीत आहे का, ते आधी बघतात. असेल तर कंत्राटदाराने पदरमोड करून बुजवायचा, नसेल तर विभागाने. वरळीच्या डांबर कारखान्यातून माल येतो. पावसाळ्यात परदेशी कोल्डमिक्स, म्हणजे न तापवता टाकायचे डांबरी मिश्रण, वापरून पाहिल्यावर तो प्रकार पालिका इथेच बनवू लागली. पुढे मास्टिकवर भर आला. मास्टिक गरम आणि घट्ट असतो, तो टिकतो. पण खड्ड्याच्या कडा सरळ कापून, आतले पाणी आणि माती काढून तो ओतला तरच. त्यासाठी जागेवर जाणता माणूस उभा लागतो.

तो माणूस मिळवणेच अवघड झाले आहे. खड्ड्यांची जबाबदारी २२७ प्रभागांत एकेक दुय्यम अभियंता नेमून वाटली गेली. कल्पना चांगली आहे, पण तोच अभियंता निविदा, मोजमाप पुस्तिका, तक्रारी आणि निवडणुकीची कामेही उरकत असतो. नोव्हेंबर २०२४मध्ये पालिकेने कनिष्ठ आणि दुय्यम अभियंत्यांच्या ६९० जागांची जाहिरात काढली. त्यांतल्या स्थापत्य शाखेच्या ४८३. या जागा एका वर्षात रिकाम्या झालेल्या नाहीत. वर्षानुवर्षे भरती लांबवायची आणि देखरेख बाहेरच्या सल्लागारांवर सोपवायची, ही सवय जुनी आहे. तिची किंमत २०१६मध्ये दिसली. रस्ते खणून तपासल्यावर थरांची जाडी आणि देयकांवरची जाडी जुळेना. गुन्हे नोंदवले गेले, वरिष्ठ अभियंत्यांना अटक झाली. दर्जा तपासण्यासाठी पैसे देऊन नेमलेल्या त्रयस्थ लेखापरीक्षकांनाही अटक झाली.

दुसऱ्या टप्प्याच्या काँक्रीटीकरणावर आयआयटी मुंबईची देखरेख आली, हे बरे झाले. काँक्रीटची गाडी आली की स्लम्प चाचणी घेतात. ३० सेंटिमीटर उंचीच्या लोखंडी शंकूत थराथराने माल भरायचा, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोसे, मग शंकू सरळ वर उचलायचा. मोकळा झालेला ढीग किती खचला ते पट्टीने मोजायचे. पाणी जास्त पडले असेल तर ढीग पसरतो. दहा मिनिटांचे काम, पण त्यावर त्या रस्त्याचे पुढचे वीस-तीस वर्षांचे आयुष्य ठरते. ठरलेल्या मर्यादेत न बसणारी गाडी परत पाठवण्याचा अधिकार आणि हिंमत असलेला पालिकेचा स्वतःचा अभियंता तिथे हवा. आयआयटीचे लोक प्रत्येक गाडीपाशी उभे राहू शकत नाहीत.

काँक्रीट झाले म्हणून खोदकाम थांबत नाही. जलवाहिनी, वीज, गॅस, दूरसंचार यांचे चर पडतातच. चर बुजवण्याचे पैसे संबंधित कंपन्यांकडून भरून घेतले जातात, म्हणजे इथेही पैसा आहे. पण खालची भरणी नीट धुम्मस न करता वरून पेव्हर ब्लॉक बसवले की पहिल्याच पावसात जागा खचते. ती धुम्मस तपासायला पुन्हा तोच दुय्यम अभियंता.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. ही रक्कम पुढे दोषी अधिकारी आणि कंत्राटदारांकडून वसूल व्हायची आहे. निर्णय योग्यच आहे. मात्र वसुलीची नोटीस काढण्यापूर्वी त्या प्रभागाच्या अभियंत्याकडे तेव्हा किती किलोमीटर रस्ते होते, हाताखाली किती कामगार होते आणि वर किती पदे रिकामी होती, हेही त्याच कागदावर लिहायला हवे. आणि भरती अडवून ठेवणाऱ्यांची नावेही त्याखाली यायला हवीत.