वारस नसलेल्यांची शेती

मुलचेऱ्याकडे रोवणी सुरू झाली, की बांधीत उतरलेल्याचे आईबाप कोण, हे कोणी विचारत नाही. हात चालतो का, एवढेच पाहतात. प्रश्न येतो तो धान घरी नेताना. जमीन ज्याची, धान त्याचे. आणि बहुतेकांचे नाव सातबाऱ्यावर चढते ते वारसाने. बालगृहात वाढलेल्या मुलाला १८ वर्षे पूर्ण झाल्यावर बाहेर पडावे लागते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात पुढच्या अनुरक्षणाची सोय आहे, पण ती २१ वर्षांपर्यंत, अपवादाने २३. माया कोणी लावीलही. जमीन कोण देणार?

घराने टाकलेल्यांनी एकत्र शेती करून स्वतःला आणि इतरांनाही जगवले, असे उदाहरण याच मुलखात आहे. १९५१ साली वरोऱ्याजवळ बाबा आमटे आणि साधनाताईंनी आनंदवन सुरू केले, तेव्हा सोबत होते सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये. जमीन खडकाळ; आधी विहीर खणावी लागली. भाजी पिकली तर वरोऱ्यात ती घ्यायला गिऱ्हाईक तयार होईना. पुढे परदेशी स्वयंसेवक येऊन आनंदवनात राहिले, तिथलेच जेवले, तेव्हा गावाची भीती ओसरू लागली. १९६४ साली तिथे महाविद्यालय उभे राहिले ते गावातल्या मुलांसाठी, आणि त्याच हातांच्या श्रमातून. १९६७ पासून मूल तालुक्यातल्या सोमनाथला बरे झालेल्या कुष्ठरोग्यांनी जंगलाच्या जमिनीवर धानशेती उभी केली.

हे जमले कशामुळे? केवळ दयेने नव्हे. जमीन संस्थेची होती, म्हणून भाऊबंदकी आड आली नाही. प्रवेश रक्ताच्या नात्यावर नव्हता, श्रमावर होता. आणि पिकलेले बाहेर जात होते. त्यामुळे घेणारे हात देणारे झाले.

पण इथे एक उणीवही दिसते. संस्थेच्या जमिनीतला वाटा तिथे राहण्यापुरता असतो. विशीतल्या पोराला संसार थाटायचा असेल, दुसऱ्या गावी जायचे असेल, तर तो कसब घेऊन निघतो, जमीन नाही.

या अडचणीवर एक वाट धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडून दिसते. २०१३ साली हे गाव ग्रामदानी झाले. १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्यानुसार जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते, कसण्याचा हक्क कुटुंबाकडे राहतो, आणि जमीनधारकांनी विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी सोडायचा असतो. म्हणजे बापाच्या नावाशिवायही गावात जमीन कसता येईल, अशी जागा कायद्यात आहे.

अनाथ तरुणांच्या सहकारी शेतीचा विचार करताना बियाणे, अवजारे, कर्ज यांची यादी आपण लगेच करतो. त्याआधी एकच गोष्ट ठरायला हवी: गावच्या जमिनीत ज्याला वारस म्हणून जागा नाही, त्याला गावकरी म्हणून जागा आहे का?