कापसाच्या गावातल्या गाईड

जगातल्या दाट वर्षावनांच्या देशांतही गाईड मुली आहेत. मलेशियात आहेत, गयानात आहेत. त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न जंगलतोडीचा. हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपुरात ते रान नाही. इथे काळी माती, कापूस, तूर, सोयाबीन, पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि पावसात चढणारी यशोदा नदी. त्यामुळे गाईडचं काम तेच असलं तरी इथे त्याला वेगळं वळण द्यावं लागतं.

जबलपूर ते पुणे

भारतात मुलींचं पहिलं गाईड पथक १९११ साली जबलपुरात निघालं. तेव्हा अल्लीपूरचा वर्धा जिल्हा आणि जबलपूर एकाच मध्य प्रांतात होते. सुरुवातीला ही चळवळ युरोपीय मुलींपुरती होती, भारतीय मुलींना ती पुढे खुली झाली. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था १९५० च्या नोव्हेंबरात स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गाईड संघटना तिच्यात सामील झाली. जागतिक गाईड संघटनेच्या पाच केंद्रांपैकी ‘संगम’ हे केंद्र १९६६ पासून आपल्या पुण्यात आहे.

पर्यावरण नियमांतच आहे

गाईडच्या नऊ नियमांतला पाचवा प्राणिमात्रांशी मैत्रीचा आणि निसर्गप्रेमाचा. सहावा शिस्तीचा आणि सार्वजनिक मालमत्ता जपण्याचा, आठवा काटकसरीचा. हे तिन्ही नियम नुसते म्हणून न दाखवता पाळायचं ठरवलं, तर गावची पाणवठ्याची जागा, शाळेची टाकी आणि घरातला पाण्याचा हंडा गाईडच्या कामात येतात.

गाईडची खरी ताकद संघ पद्धतीत आहे. सहा ते आठ मुलींचा एक संघ आणि त्यांच्यातलीच एक संघनायिका. कामाची वाटणी मुली स्वतः करतात, चुकलं तर आपसात बोलतात. दहा-बारा वर्षांच्या मुलीला ‘हा भाग तुझा’ असं सांगणारी जागा गावात फार थोडी असते. म्हणूनच मला हे स्पष्ट म्हणायचं आहे की पाहुणे येणार म्हणून मुलींच्या हाती झाडू देणं म्हणजे गायडिंग नव्हे. घरी झाडू त्यांच्याच हाती असतो.

डब्यावरचा त्रिकोण

कापसाच्या गावात सर्वांत तातडीचा विषय फवारणीचा आहे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारा पुरुष मारतो, पण त्याचे भिजलेले कपडे बहुतेक घरांत आई किंवा मुलगी धुते. त्याच वावरात पुढे कापूस वेचायलाही बायाच जातात.

इथे गाईडला ठोस काम आहे. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. संघातल्या मुलींनी डब्याला हात न लावता घरच्या मोठ्यांना हे रंग समजावून द्यावेत. फवारणीचे कपडे बाकीच्या धुण्यात न मिसळता वेगळे धुवायचे, आणि कुणाला त्रास झालाच तर दवाखान्यात जाताना औषधाचं लेबल सोबत न्यायचं, हेही सांगावं. रिकामे डबे गोळा करणं मात्र मुलींचं काम नाही. कितीही उत्साह असला तरी पथकाच्या कॅप्टन शिक्षिकेने तिथे ठाम नाही म्हणायला हवं.

दुसरा विषय फरदडीचा. शेवटच्या वेचणीनंतरही पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवली की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. पऱ्हाटी उपटून बांधावर पेटवली, तर धूर गावात येतो आणि जमिनीत जाऊ शकणारं खतही जळून जातं. बारीक करून कुजवली तर तेच खत वावरात राहतं. कोणत्या बांधावर काय होतं याची संघाने एक हंगाम नोंद ठेवली, तर ग्रामसभेत बोलायला मुलींकडे स्वतःचा कागद असेल.

निंबोळीची खरी कमाई

गाईडचा ‘खरी कमाई’ हा उपक्रम बहुतेक शाळांत भेळ आणि वडापावच्या दुकानांवर थांबतो. त्यातून हिशेब शिकता येतो, हे खरंच. पण जून-जुलैत गावात कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, धुऊन, सावलीत वाळवून विकता येतात. पाच किलो निंबोळीगराची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून गाळली आणि एकूण शंभर लिटर पाणी केलं की पाच टक्के निंबोळी अर्क तयार होतो. पिकावर कीड थोडी असतानाच तो फवारला तर जहाल औषधाची पाळी लांबते. काही ताज्या निंबोळ्या लगेच पिशव्यांत लावाव्यात, कारण कडुनिंबाचं बी फार दिवस उगवणक्षम राहत नाही. रोप लावल्यावर त्याला पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, हे लावतानाच संघाच्या वहीत नावानिशी लिहून ठेवावं.

नाल्यातून समुद्राकडे

जागतिक गाईड संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमासोबत समुद्रातल्या प्लॅस्टिकवर मुलींसाठी बॅज काढला. समुद्र वर्ध्यापासून लांब आहे, पण नाल्यात टाकलेली पुडी यशोदेत जाते, यशोदा वर्धा नदीला मिळते, पुढे प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. नकाशावर हा रस्ता मुलींनी बोटाने काढला की महाराष्ट्रात २०१८ पासून असलेल्या प्लॅस्टिकबंदीचा अर्थ कळतो.

पावसाचा हिशेबही असाच करता येतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या वर्गखोलीवर वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस धरला तर पन्नास हजार लिटर होतं. यातलं अर्धं जरी टाकीत किंवा जमिनीत गेलं तरी शाळेचा मार्च-एप्रिल सुसह्य होईल.

कॅप्टन मिळाली तर

हे सारं एका शिक्षिकेवर अवलंबून आहे. गाईड कॅप्टन होण्यासाठी तिला संस्थेचं प्राथमिक प्रशिक्षण घ्यावं लागतं, पथकाची नोंदणी करावी लागते आणि मग तासिका, परीक्षा, इतर शालेय कामं सांभाळून वेळ काढावा लागतो. शाळेने आठवड्यातून दोन तासिका तिला मोकळ्या दिल्या आणि नदीवर जाताना गावातली एक जाणती बाई सोबत दिली, तर पथक जूनमध्येच सुरू करता येईल. तेव्हा निंबोळ्या पडायला लागलेल्या असतात.