मोटारीचा सोगा

आमच्या पुतण्याने एक दोन आसनांची, बसकी, लालचुटूक स्पोर्ट्स मोटार घेतली आहे. तिच्यात बसायचे म्हणजे आधी एक पाय आत टाकायचा आणि मग देवाचे नाव घेऊन अंग सोडून द्यायचे. उतरताना मात्र देवाच्या नावाने भागत नाही. कुणीतरी हात द्यावा लागतो.

जूनच्या अखेरीस या मोटारीतून आम्ही दोघे वेल्ह्याला निघालो. (सरकारदरबारी त्या तालुक्याला आता राजगड म्हणतात, पण आमच्या तोंडी वेल्हेच बसले आहे.) ढगांत बुडालेला तोरणा पाहायचा, गरम पिठले खायचे आणि परत यायचे, एवढाच बेत. नसरापूरपर्यंत साताऱ्याच्या हमरस्त्याने गाडी लोण्यासारखी गेली. तिथून आत वळलो आणि कडेचा मुरूम पावसाने डांबरावर वाहून आलेला दिसू लागला. लगेच खालून तडतड सुरू झाली. जणू कुणी लाह्या भाजीत होते.

आंबवण्याच्या अलीकडे मागून हाका ऐकू आल्या. मोटारसायकलवरून दुधाच्या किटल्या नेणारा एक गृहस्थ हातवारे करीत होता. आमच्या चाकाने उडवलेल्या खड्याने त्याच्या पुढच्या दिव्याची काच तडकली होती. "काचंचं सोडा, काका," तो मला म्हणाला, "चार बोटं वर आला असता तर डोळा गेला असता." पुतण्याने निमूटपणे पैसे काढून दिले. पिठले त्या दिवशी दोघांनाही गोड लागले नाही.

घरी येऊन मोटार धुतली, तेव्हा तिचेही हाल दिसले. पुढच्या चाकांमागे, दाराखालच्या पट्टीवर आणि मागच्या चाकावरच्या फुगीर भागावर तांदळाएवढे पांढरे टवके. मोटारीचा रंग म्हणजे पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक लेप. चारही मिळून जाडी मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग, म्हणजे वहीच्या एका पानाएवढी! खडा खोल गेला की पत्रा उघडा पडतो आणि आपल्या पावसाळ्यात गंजाला आमंत्रण लागत नाही. दिलीप छाब्रियांची 'डीसी अवंती' २०१२ साली दिल्लीच्या मोटार-प्रदर्शनात मांडली गेली होती. तिचे अंग पत्र्याचे नव्हते. तशा गाडीला गंजाचे भय नाही, पण टवका तिचाही उडतोच. त्यातून स्पोर्ट्स गाडीचे टायर रुंद, मऊ रबराचे आणि अंगाच्या कडेपर्यंत आलेले. खडे वेचायला याहून चांगले यंत्र सापडणार नाही.

त्या रात्री मी कागदावर एक चाक काढले आणि थक्क झालो. टायरच्या खाचेत अडकून सुटलेला खडा जमिनीच्या हिशेबाने मागे जातच नाही! चाक फिरता फिरता त्याला वर फेकते आणि गाडीचा वेग त्याला थोडा पुढेच नेतो. मागून येणारा त्याच्यावर जाऊन आदळतो. दुधवाल्याचा काही दोष नव्हता. तो आपल्या रस्त्याने येत होता आणि खडा हवेत त्याची वाट पाहत होता.

उपाय एस.टी.च्या मागे वर्षानुवर्षे लोंबतो आहे. मडफ्लॅप! पण पुतण्याला ते पटेना. "काका, रूप जाईल हो गाडीचं." मी म्हणालो, "रॅलीत धावणाऱ्या गाड्या बघ. त्यांना काय रूप नाही?" शेवटी हमरस्त्यालगतच्या एका गॅरेजात गेलो. तिथले मिस्तरी वयस्क होते. आम्ही नेलेले टणक प्लास्टिकचे फ्लॅप त्यांनी वाकवून पाहिले आणि बाजूला ठेवले.

"साहेब, ही गाडी जमिनीला टेकलेली. कडक फ्लॅप पहिल्याच गतिरोधकाला अडंल आणि पत्रा घेऊन निघंल. फ्लॅप कसा, धोतराच्या सोग्यावानी पायजे. अडला तर सरंल, मोडणार न्हाई."

मग जाड पण लवचीक रबराच्या चार पट्ट्या त्यांनी कापल्या. पत्र्याला एकही नवे भोक पाडले नाही. चाकाच्या कमानीत आतले प्लास्टिक धरून ठेवणारे स्क्रू असतात, त्यांतच पट्ट्या बसवल्या. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरे फिरवून टायर घासत नाही ना, ते पाहिले. मागच्या पट्ट्या तापणाऱ्या सायलेन्सरपासून दूर ठेवल्या. आणि जिथे रबर रंगाला टेकते, तिथे आधी पारदर्शक फिल्म चिकटवली. फ्लॅप आणि रंग यांच्यामध्ये बारीक रेती शिरली की ती पॉलिशपेपरचे काम करते. रंग राखायला लावलेला फ्लॅपच रंग खाऊन टाकतो. हे मला ठाऊक नव्हते. निघताना त्यांनी दोनच गोष्टी बजावल्या : दर धुण्याला फ्लॅपमागचा चिखल काढायचा, आणि मागे घेताना चाक कठड्याला भिडवायचे नाही, नाहीतर टायर फ्लॅप दाबून धरतो आणि उपटून टाकतो.

ऑगस्टमध्ये आधी कापूरहोळवरून भोरला जाऊन आलो. भाटघरचे पाणी पाहिले, दाराखालची पट्टी तपासली. नवा टवका नाही. नाकावर मात्र दोन होते. ते पुढे चाललेल्या एका डंपरचे. त्याला फ्लॅप नव्हते.

मग वेल्ह्याला. भातलावणी उरकत आली होती. मार्गासनीला चहाला थांबलो, तर तोच दुधवाला! बाकीची मंडळी लाल रंगाभोवती गोळा झाली. हा मात्र मागे गेला, वाकला आणि चिखलाने माखलेली पट्टी बोटाने हलवून पाहिली.

"आता बरं झालं," म्हणाला, आणि किटल्या वाजवीत निघून गेला.