डांग्या खोकला : अख्खा जंतू की निवडक भाग?

एक गणित करू या. बीड जिल्ह्यातील एका खेड्यात १५ सप्टेंबरला बाळ जन्मले. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला त्याला लस टोचायची आहे. तारखा येतात २७ ऑक्टोबर, २४ नोव्हेंबर आणि २२ डिसेंबर. पण आईबाप ऊसतोडीला जाणारे असतील तर? दिवाळीच्या सुमारास त्यांचा ‘कोयता’ गाव सोडतो. मग बाळाच्या लशी चुकतात.

या डोसांत डांग्या खोकल्याची लस असते. या रोगाचा जंतू बोर्दे आणि झांगू यांनी १९०६ मध्ये प्रयोगशाळेत वाढवला. या खोकल्याच्या उबळीने मोठी मुले बेजार होतात. तान्ह्या बाळाचा तर श्वासच थांबू शकतो.

लशीचे प्रकार दोन. ‘पूर्णपेशी’ लशीत मारलेले अख्खे जंतू असतात. ‘पेशीविरहित’ लशीत जंतूची एक ते पाच शुद्ध प्रथिनेच असतात. पहिलीने ताप आणि सूज अधिक येते. मग दुसरीच चांगली, असे तुम्ही म्हणाल. थांबा!

जपानमध्ये लस टोचल्यानंतर दोन बालके दगावली, म्हणून १९७५ मध्ये पूर्णपेशी लस काही काळ थांबवण्यात आली. लोकांचा विश्वास उडाला. १९७९ मध्ये तेथे सुमारे १३,००० जणांना हा रोग झाला आणि ४१ जण मरण पावले. १९८१ पासून जपानने पेशीविरहित लस वापरली. पुढे अमेरिकेनेही ती स्वीकारली. ताप कमी झाला; पण २०१० मध्ये कॅलिफोर्नियात ९,००० हून अधिक रुग्ण आढळले आणि दहा तान्ही बाळे दगावली. पेशीविरहित लशीचे संरक्षण काही वर्षांत ओसरते, असे पुढील अभ्यासांत दिसले. अख्खा जंतू ‘पाहिलेल्या’ शरीराची ओळख अधिक काळ टिकते.

भारताच्या सरकारी लसीकरणात पूर्णपेशी लसच आहे. ती टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येतो, म्हणून पुढचा डोस टाळू नये.

परंतु उत्तम लसही न टोचता उपयोगी पडत नाही. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस पुढे घेता येतो. कारखान्याजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातही तो मोफत मिळतो. म्हणून फडावर जाताना लसीकरणाचे कार्ड बरोबर हवे.

तुमच्या घरी किंवा शेजारी बाळ आहे ना? आज त्याचे कार्ड पाहा आणि पुढची तारीख त्याच्या आईला वाचून दाखवा.