फौजीचं बाळ आणि आजीचे गुडघे

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत लष्कराची छावणी नाही. मराठवाड्यातली छावणी छत्रपती संभाजीनगरला. नांदेड-लातूरचा जवान लेहला किंवा अरुणाचलात ‘फील्ड’वर गेला की बायको-लेकरं गावातच राहतात. फील्डवर कुटुंबासाठी क्वार्टर मिळत नाही, आणि ‘पीस’, म्हणजे शांत ठिकाणचं पोस्टिंग येईपर्यंत बाळ रांगायचं सोडून पळायला लागलेलं असतं. आई शेतावर किंवा नोकरीवर असते, म्हणून त्याला सांभाळते आजी. तिचे गुडघे धरले की सगळी घडी विस्कटते.

गणवेशातली आई असेल तर पेच आणखी अवघड होतो. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण महाविद्यालय आहे, चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र. दोन्ही ठिकाणी केंद्रीय विद्यालय आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला शाळा मिळते, दोन वर्षांच्या मुलाचं काय? 2016 मध्ये राखीव पोलीस दलात शिपायांच्या 33 टक्के जागा महिलांसाठी राखून ठेवण्याचा निर्णय झाला. तेव्हापासून हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.

रजा मिळते, हे खरं. केंद्रीय महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत 730 दिवस बालसंगोपन रजा आहे. सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांना 360 दिवस होती. नोव्हेंबर 2023 मध्ये ती महिला जवानांनाही लागू झाली. राज्याच्या महिला कर्मचाऱ्यांना 2018 पासून 180 दिवस मिळतात, म्हणजे सीमेवरच्या जवानाची शिक्षिका बायको मूल वाढवण्यासाठी काही काळ घरी राहू शकते. जवानाला स्वतःला मात्र ही रजा नाही. केंद्राच्या नियमात ती फक्त एकल पुरुष पालकाला आहे. शिवाय रोजच्या आठ तासांची गरज रजेने भागत नाही. त्यासाठी पाळणाघरच लागतं.

मुलं मोठी झाली की मदत दिसू लागते. नांदेड आणि लातूरला सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहं आहेत, आणि ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणीसाठी येणाऱ्या सैनिकांच्या मुलांना त्यांचा मोठा आधार वाटतो. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र इतकं ठळक काही नाही.

केंद्राची ‘पाळणा’ योजना नेमकी याच वयासाठी आहे: सहा महिने ते सहा वर्षं, महिन्याला 26 दिवस, रोज साडेसात तास. अंगणवाडीला जोडून चालणारी अशी केंद्रं फौजी कुटुंबं जास्त असलेल्या गावांत आधी यायला हवीत. मुदखेड-चाकूरसारख्या ठिकाणी तर पाळणाघराने ऑफिसची नव्हे, परेडची वेळ धरायला हवी, कारण पी.टी. उजाडायच्या सुमाराला सुरू होते.