हाड जुळलं, पण पुढं काय?

सकाळची नळाची वेळ होती. सासूबाई मोरीत बादली सरकवायला गेल्या आणि ओल्या फरशीवरून घसरल्या. पडताना उजवा हात टेकला. उठवून पाहते तर मनगटाला चमच्याच्या दांडीसारखा बाक आलेला! डॉक्टरांनी हाड बसवलं, प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं. "हाड छान जुळलंय, आजी," असं त्यांनी सांगितलं. "सुटले गं बाई!" म्हणत सासूबाईंनी त्याच आठवड्यात पोळपाट पुढे ओढला. एक्स-रेचं पाकीट माळ्यावर गेलं आणि तो विषय संपला असं आम्ही धरून चाललो.

दीड वर्षानं, ऐन दिवाळीच्या तोंडावर, दारातल्या पायपुसण्यात पाय अडकून त्या कुशीवर पडल्या. जिन्यावरून नाही की स्टुलावरूनही नाही, उभ्याच्या उभ्या. पण उठता येईना. एक पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

"आजींचं याआधी कधी हाड मोडलं होतं का?" हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं. मी मनगटाचं सांगितलं.

"मग तेव्हा हाडांची घनता तपासली होती?"

मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण आम्ही तरी कुठं विचारलं होतं?

पहिलं हाड सूचना देतं

मैत्रिणींनो, त्या एका प्रश्नासाठी मी हा लेख लिहिते आहे. पन्नाशीच्या पुढची बाई उभ्या जागी पडली आणि तेवढ्यानं तिचं हाड मोडलं, तर दोष एकट्या ओल्या फरशीचा नसतो. निरोगी हाडानं तेवढा मार सोसायला हवा. तो सोसला नाही म्हणजे हाड आतून ठिसूळ झालं असण्याची दाट शंका घ्यायची. बहुतेक वेळा आधी मनगट मोडतं, मग पाठीचा एखादा मणका दबतो आणि पुढं खुबा. मणका दबला तर कित्येकदा कळतही नाही. उंची कमी झाली, पाठीला पोक आलं की आपण "वय झालं" म्हणून सोडून देतो.

म्हणून प्लास्टर निघालं की डॉक्टरांना एवढंच विचारा, "हाडांची घनता तपासायला हवी का?" या तपासणीला डेक्सा म्हणतात. टेबलावर दहा-पंधरा मिनिटं निजायचं, सुई नाही की दुखणं नाही. अहवालात 'टी-स्कोअर' नावाचा आकडा येतो. तो उणे २.५ किंवा त्याहून खाली असला तर हाडं ठिसूळ झाली असं समजतात. शिबिरात टाचेला यंत्र लावून जी तपासणी करतात, तिच्यावर विसंबून औषध सुरू करू नये. तो फक्त अंदाज असतो.

ज्यांची पाळी ४५ वर्षांच्या आत गेली, गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी ज्या महिनोन् महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात, किंवा ज्यांच्या आईचा खुबा मोडला होता, त्यांनी तर हाड मोडायची वाट न पाहताच हा प्रश्न विचारावा.

हाडांची बेगमी

उन्हाळ्यात आपण डाळी-तांदूळ, तिखट-मसाला भरून वर्षाची बेगमी करतो. हाडांचंही तसंच आहे. साधारण तिशीपर्यंत शरीर भर घालतं, नंतर त्या साठ्यावर भागवायचं. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि पुढची पाच-सात वर्षं साठा फार झपाट्यानं उतरतो. म्हणजे काळजी घ्यायची वेळ साठीनंतर येते असं नाही. ती आपल्या वयातच येते, आणि घरातल्या मुलींच्या बाबतीत तर आजच.

मोठ्या बाईला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेल्यावर १२००. ऐकून घाबरू नका. १०० मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम असतं. दिवसातून दोन कप दूध किंवा तेवढंच दही-ताक झालं तर पावणेपाचशेच्या आसपास हिशेब लागला. ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीत पावणेदोनशे. उरलेलं तिळाची चटणी, मेथी, शेवग्याचा पाला आणि डाळी-उसळींतून येतं. पालकात कॅल्शियम असलं तरी ते अंगाला फारसं लागत नाही. चहातलं दूध हिशेबात धरू नका, ते चमचाभरच असतं! आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरेल तेवढं दही आपलं, हा घरोघरचा रिवाज आता मोडायला हवा.

खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला 'ड' जीवनसत्त्व हवं आणि ते मुख्यत: उन्हातून मिळतं. कोवळं ऊन आल्हाददायक खरं, पण या कामाला ते अपुरं पडतं. साधारण ११ ते २ च्या दरम्यानचं ऊन, चेहऱ्यावर आणि उघड्या हातांवर, थोडा वेळ लागलं पाहिजे. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही. धुणं वाळत घालायची वेळ थोडी पुढं ढकलली तरी साधतं. रक्त तपासून कमतरता दिसली तर डॉक्टर ६०,००० युनिटांची पुडी देतात. ती बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ताकदीची म्हणून रोज घेतली, तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला अपाय होतो.

हाडं ठिसूळ झाली तरी औषध आहे

सासूबाईंच्या वेळी नातेवाइकांचा सूर होता, "या वयात ऑपरेशन कशाला? वजन लावून पडून राहू द्या." आम्ही डॉक्टरांचं ऐकलं ते बरं झालं. खुबा मोडलेलं माणूस अंथरुणाला खिळलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. त्यामुळं तब्येत झेपणारी असेल तर शक्यतो एक-दोन दिवसांतच ऑपरेशन करून लवकर उभं करतात. आमच्याकडेही ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून त्यांना उभं केलं.

आता त्या हाडांसाठी आठवड्यातून एकच गोळी घेतात. रविवारी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहाही नाही, कारण ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर जळजळते. दाढ काढायची झाली तर दातांच्या डॉक्टरांना या गोळीबद्दल आधी सांगायचं. काहींना वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन देतात. कोणतं औषध आणि किती वर्षं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. शेजारणीची चिठ्ठी आपल्याला चालत नाही.

आणखी एक सांगते. प्लास्टर असताना बोटं सतत हलवत राहावीत, हात उंच ठेवावा, खांदाही फिरवावा. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा ठणका असह्य झाला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. प्लास्टर निघाल्यावर जोरानं रगडून मालिश करून घेऊ नये. हळूहळू व्यायामानंच हात सुटतो.

पडू नये म्हणून

आमच्या घरात आता मोरीची फरशी आठवड्याला घासून शेवाळ काढतात. भिंतीत घट्ट दांडा बसवला आहे. तो टॉवेल अडकवायचा नव्हे, अंगाचा भार पेलणारा! सुटी पायपुसणी गेली. रात्री मोरीच्या वाटेवर छोटा दिवा असतो. वरचे डबे खाली आले. चष्म्याचा नंबर दरवर्षी तपासतो.

पाय मात्र आपले आपणच मजबूत करायचे. खुर्चीवर बसून एक पाय सरळ समोर उचलावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा, खाली ठेवावा. असं प्रत्येक पायानं दहादा, दिवसातून दोनदा. यानं मांडीचे स्नायू बळकट होतात, तोल सावरतो आणि गुडघ्यांवरचा ताणही कमी होतो. रोज अर्धा तास भरभर चालावं. घरातल्या कामानं दमायला होतं, पण त्यानं हे सगळं साधत नाही. वजन एक किलोनं कमी झालं तर गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोंनी हलका होतो! गुडघा नुसताच वाजत असेल आणि दुखत नसेल तर घाबरू नये. दुखत असेल तर भाजी निवडायला खाली उकिडवं न बसता खुर्ची घ्यावी. त्यात कमीपणा कसला?

सासूबाई आता काठी घेऊन चालतात. देवळापर्यंत जातात, पण एकट्या नाही, कुणीतरी सोबत लागतं. परवा माझी लेक दुधाचा पेला तसाच ठेवून निघाली, तर त्यांनी हाक मारली, "अगं, इकडे ये. तो पेला संपव आधी. तुझ्या वयात मी भावांना वाढायची आणि आपला रिकामा ठेवायची."

लेकीनं पेला संपवला. मग मीही उठले आणि पातेल्यात उरेल तेवढ्याची वाट न पाहता माझ्यासाठी वाटीभर दही आधीच बाजूला काढून ठेवलं.