मुलाखतीत नको ते विचारले तर?

आपल्या समाजातील मुले-मुली आता बी.कॉम., आय.टी.आय., डिप्लोमा करून नोकरीच्या मुलाखतीला जाऊ लागली आहेत. कामाची माहिती असते, कागदपत्रे तयार असतात. पण मध्येच एखादा प्रश्न असा येतो की उमेदवार गोंधळतो. "शुक्रवारी नमाजला जाणार का?" "मुंब्र्याला राहता? तिथले वातावरण कसे आहे?" मुलीला तर हमखास विचारतात, "लग्न कधी करणार?" अशा वेळी कुणी चिडून उत्तर देतो, कुणी खोटे बोलतो, कुणी मान खाली घालतो. तिन्ही मार्ग तोट्याचे आहेत. म्हणून कायदा काय म्हणतो आणि उत्तर कसे द्यावे, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

कायद्याचा आधार कुठवर?

सरकारी नोकरीत राज्यघटनेचे १६ वे कलम आपल्या पाठीशी आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास यांवरून तिथे भेदभाव करता येत नाही.

खाजगी नोकरीची गोष्ट वेगळी आहे. घटनेचे हे कलम सरकारला बांधते, खाजगी मालकाला नाही. धर्मावरून नोकरी नाकारू नये असे खाजगी मालकाला बजावणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात समान संधी आयोगाची शिफारस केली होती. तो आयोग अजून झालेला नाही. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली खाजगी कंपन्याही येतात. म्हणूनच डोक्यावरच्या स्कार्फमुळे कपड्यांच्या दुकानात नोकरी न मिळालेल्या मुस्लिम मुलीच्या बाजूने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला २०१५ साली कौल देता आला.

आपल्याकडे स्त्रियांना मात्र खाजगी क्षेत्रातही आधार आहे. नोकरभरतीत स्त्री म्हणून भेदभाव करू नये, ही १९७६ च्या समान वेतन कायद्यातील तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत घेतलेली आहे. त्याआधी १९९१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. आयुर्विमा महामंडळाच्या अर्जात स्त्री उमेदवारांना मासिक पाळी आणि गर्भारपण यांची माहिती विचारली जात असे. असे रकाने लाजिरवाणे आहेत, ते काढून टाकावेत, असे न्यायालयाने म्हटले आणि कामावरून काढलेल्या त्या बाईंना परत घ्यायला लावले. २०१७ च्या कायद्याप्रमाणे नोकरीसाठी एच.आय.व्ही. चाचणीची अटही घालता येत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वैयक्तिक प्रश्न विचारला एवढ्यावरून सहसा गुन्हा होत नाही. त्या कारणावरून नोकरी नाकारली, हे दाखवावे लागते आणि त्याला पुरावा लागतो.

एवढे सांभाळायचे कशासाठी?

सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल या अभ्यासकांनी २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखेच, नावे मात्र सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम. सवर्ण नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश निघाली. म्हणजे आपला जो मुलगा मुलाखतीच्या खुर्चीपर्यंत पोचला, तो अरुंद दरवाजातून आत आला आहे. एका रागाच्या उत्तरापायी त्याने ती खुर्ची सोडू नये.

उत्तर कसे द्यावे?

आम्ही कापडाच्या धंद्यातले. दुकानात माणूस ठेवायचा तर मालकाला काय हवे असते, हे आम्हाला ठाऊक आहे. माणूस वेळेवर येईल का, टिकेल का, गिऱ्हाइकाशी नीट वागेल का? वाकड्या प्रश्नामागेही पुष्कळदा हीच काळजी असते. तेव्हा शब्दांना उत्तर न देता त्या काळजीला उत्तर द्यावे.

नमाजबद्दल विचारले तर: "जुम्याच्या नमाजला जेवणाच्या सुट्टीपेक्षा वीस मिनिटे जास्त लागतील. ती मी संध्याकाळी भरून देईन." जेवढे खरे असेल तेवढेच सांगावे.

राहण्याच्या ठिकाणाबद्दल विचारले तर: "सकाळच्या पाळीला वेळेवर पोचेन. गाडीची वेळ पाहून आलो आहे."

लग्नाबद्दल विचारले तर मुलीने शांतपणे म्हणावे: "तो घरचा विषय आहे. कामाच्या वेळा आणि जबाबदारी मला मान्य आहे."

स्कार्फबद्दल विचारले तर: "गणवेशाचा नियम काय आहे? त्याच रंगाचा स्कार्फ चालेल का?" यंत्राजवळ सैल ओढणी धोक्याची असते, तिथे हा प्रश्न रास्त आहे. टोके नीट आत खोचून काम करीन, असे आपणहून सांगावे.

"वडील काय करतात?" हा प्रश्न तर ठरलेला. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली लिहिले आहे, की कुटुंबाच्या पार्श्वभूमीवरून उमेदवाराची पारख करण्याची रीत तिथे रूढ आहे. आपली मुले इथे वडिलांचा धंदा लपवतात. लपवू नये. "वडील यंत्रमागावर काम करतात. माल वेळेवर देणे म्हणजे काय, हे मी घरातच शिकलो." यात कमीपणा कसला? तो हुनर आहे.

काही प्रश्नांमागे कामाची कसलीच काळजी नसते. क्रिकेटमध्ये कुणाच्या बाजूने, अमुक पक्षाबद्दल काय मत, घरात बायका किती, वगैरे. तिथे आवाज न चढवता म्हणावे: "साहेब, या कामाबद्दल विचारावे, मी सगळे सांगतो." एवढ्यावर नोकरी गेली तरी इज्जत राहते. खोटे बोलून मिळालेल्या रोजीत मात्र बरकत नसते, आणि ते खोटे रोज सांभाळावे लागते ते वेगळेच.

टिपण ठेवा

व्यापारी जाणतो की वहीत नाही ते हिशेबात नाही. मुलाखतीहून परतल्यावर त्याच दिवशी तारीख, वेळ, समोर कोण होते आणि नेमके काय विचारले, हे लिहून ठेवावे. अर्ज, पत्र, ई-मेल, मोबाइलवरचे संदेश जपावेत. मे २०१५ मध्ये मुंबईच्या एका एम.बी.ए. झालेल्या तरुणाला हिरे निर्यात करणाऱ्या कंपनीने कळवले, की आम्ही फक्त मुस्लिमेतर उमेदवार घेतो. उत्तर लेखी होते, म्हणून प्रकरण देशभर गाजले आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. हेच तोंडी सांगितले असते तर विषय तिथेच संपला असता.

धर्मावरून लेखी नकार मिळाला तर वकिलाला विचारून पोलीस ठाण्यात आणि राज्य अल्पसंख्याक आयोगाकडे तक्रार द्यावी. स्त्री म्हणून नाकारले असेल तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावे. सरकारी भरतीत भरती करणाऱ्या खात्याच्या वरिष्ठांकडे लेखी तक्रार करावी. तिथे दाद लागली नाही तर न्यायालयाचा मार्ग आहे.

आपल्या दुकानातही

वाचकबंधूंनो, आपल्यापैकी पुष्कळ जण स्वतः मालक आहेत. "कोणत्या बिरादरीचा? कोणत्या मसलकाचा? मुलीची मंगनी झाली का?" हे प्रश्न आपल्या बाजारातही रोज विचारले जातात. बाहेरच्यांनी विचारले तर तो जुलूम आणि आपण विचारले तर ती चौकशी, असे कसे चालेल? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही, ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या दुकानांना, भरतीत स्त्रियांशी भेदभाव करण्यास मनाई आहे.

काही प्रश्न तर विचारलेच पाहिजेत. वयाचा दाखला मागावा. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे. ड्रायव्हरचे लायसन्स, शिवणाऱ्याच्या हातचे काम, रोकड सांभाळणाऱ्याचा आधीचा अनुभव पाहावा. कामाला लागणारे पाच-सहा प्रश्न आधी कागदावर लिहावेत आणि येईल त्या प्रत्येकाला तेच विचारावेत. ज्या प्रश्नाचा कामाशी संबंध सांगता येत नाही, तो खोडून टाकावा.

मापाचा गज दोघांसाठी एकच असावा. जो न्याय आपल्या मुलांसाठी मागायचा, तो आपल्या गादीवरून आधी द्यावा. मग आपल्या मागणीला वजन येईल, इन्शाअल्लाह.